टाकीखालच्या दोन तारा

पाण्याच्या आणि विजेच्या मोठ्या मीटरना डेटा रेकॉर्डर जोडणं हे माझं काम. काशीदला घर, आयटीआयचा वायरमनचा दाखला, एका ठेकेदाराकडे नोकरी आणि एक जुनी मोटरसायकल. मुरुड, म्हसळा आणि श्रीवर्धन या तीन तालुक्यांत मी फिरतो.

रेकॉर्डर म्हणजे पंजाएवढा करडा डबा. पाणी वाहतं तसं मीटरमधलं चाक फिरतं, आणि फेरा पुरा झाला की तारेतून एक ठोका येतो. डबा ते ठोके मोजतो आणि दर अर्ध्या तासानं आकडा तालुक्याच्या ऑफिसात पाठवतो. आत मोबाईलसारखं सिमकार्ड असतं. पूर्वी कुणीतरी वही घेऊन मीटर वाचायला जायचं. आता ऑफिसातले साहेब संगणकावर एक रेघ बघतात. रेघ वर गेली म्हणजे पाणी चालू, खाली आली म्हणजे बंद.

काम तसं अवघड नाही. मीटरमधून आलेल्या तारा सोलायच्या, डब्याच्या तारांना जोडायच्या, जोडाला ओल लागू नये म्हणून तो नीट गुंडाळायचा. आणि सगळ्यात शेवटी पाणी सोडायला लावून, जे मीटर फिरतंय त्याचाच आकडा वाढतोय ना, हे आपल्या डोळ्यांनी बघायचं. एका गावात मी हे शेवटचं काम केलं नाही.

ते गाव बोर्ली पंचतन आणि श्रीवर्धनच्या मधे आहे. नाव सांगत नाही, माझ्यामुळे त्या गावाचं नाव आधीच एकदा वाईट कारणासाठी ऑफिसात घेतलं गेलंय. गावाची पाण्याची टाकी टेकडीवर आहे. टाकीतून दोन लाईनी निघतात. एक वाडीला जाते, म्हणजे सुपारीच्या बागांमधल्या घरांना, आणि अलीकडे त्याच बागांत उठलेल्या कॉटेजना. दुसरी जाते बंदराला, जिथे मासेमारी करणाऱ्यांची दाट वस्ती आहे. दोन्ही लाईनींची मीटरं टाकीच्या पायथ्याशी एकाच चेंबरमध्ये शेजारी शेजारी बसवलेली. पाणी सोडायचे वॉल मात्र तिथे नाहीत, ते खाली रस्त्याच्या कडेला.

जानेवारीत मी तिथे गेलो तेव्हा पाणी सोडणारे काका माझ्याबरोबर टेकडी चढून आले. साठीला टेकलेले, अंगानं बारीक, पायात रबरी चप्पल, खांद्यावर वॉल फिरवायची लांब लोखंडी चावी. सव्वीस वर्षं ते गावाला पाणी सोडत होते. राहायला बंदरातच. चेंबरचं झाकण त्यांनीच उचललं, आत साचलेलं पाणी पत्र्याच्या डबड्यानं उपसून दिलं, मी उतरलो तेव्हा वरून पक्कड, निळी टेप, जे मागेन ते हातात देत राहिले.

माझं अर्धं लक्ष फोनवर होतं. ठेकेदार विचारत होता, आज किती मीटरं झाली, उद्या किती होतील. मान आणि खांद्यात फोन धरून मी तारा सोलत होतो. चेंबरमधून बघितलं की डावीकडे वाडी दिसते आणि उजवीकडे समुद्र. म्हणून डावीकडच्या मीटरची तार मी डब्यातून निघालेल्या वाडीच्या तारेला जोडली आणि उजवीकडची बंदराच्या.

काका वरून म्हणाले, "साहेब, डावीकडची वाडीची न्हाय हां. दिसतं तसं न्हाय ते. रस्ता झाला तवा पाईप परत गाडले, ते खालून फुली मारून गेलेत. डावीची बंदराला जाते, उजवीची वाडीला."

मी ऐकलं. ऐकलं नाही असं म्हणायची सोय नाही, कारण त्यांचे शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात. पण तेव्हा ठेकेदार कानात बोलत होता आणि मी हातानंच त्यांना 'हो हो' केलं.

झाकण लावताना ते पुन्हा म्हणाले, "चारला बंदराचं पाणी सोडतो. तवर थांबा. मग तुमच्या मशीनवर बघा, कुठला आकडा पळतो."

सव्वातीन झाले होते. मला दिघीहून आगरदांड्याची साडेचारची बोट गाठायची होती. घरी दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो, त्या संध्याकाळी पुण्याहून पाहुणे यायचे होते आणि इन्व्हर्टर बिघडला होता. मी म्हणालो, "काका, ऑफिसातून बघता येतं सगळं. थांबायची गरज नाही."

"बघा बाबा," ते म्हणाले. "तुम्ही शिकलेले."

कामाच्या फॉर्मवर शेवटी एक ओळ असते: पाणी सोडून तपासणी केली, होय की नाही. मी बोटीवर बसून तिथे 'होय'वर खूण केली.

मार्चमध्ये ग्रामपंचायतीत बैठक झाली. बंदरातल्या बायकांची बऱ्याच वर्षांची तक्रार होती की पाणी सगळं वाडीत जिरतं, आम्हाला दोन हंडे भरेपर्यंत नळ रडायला लागतो. आता रेकॉर्डर बसला होता, तेव्हा काय ते कागदावर दिसेल म्हणून तालुक्याहून पाणीपुरवठ्याचे साहेब आले. मलाही बोलावलं. सरपंचबाई, ग्रामसेवक, वाडीतली पाच-सहा माणसं आणि बंदरातल्या तीसेक बायका. काका दाराशी उभे.

साहेबांनी छापून आणलेला कागद वर धरला. रोजच्या एकूण पाण्याच्या दोन रेघा, वाडीची निळी, बंदराची लाल. "आकड्यांप्रमाणे," ते म्हणाले, "बंदराला वाडीच्या जवळजवळ दुप्पट पाणी जातंय."

मग बंदरातली एक बाई उठली. उंच, कपाळावर मोठं कुंकू, आवाज खणखणीत. "दुप्पट? मग जातं कुठं ते? आमच्या हंड्यात तर पडत न्हाय!"

वाडीतलं कुणीतरी हसलं. "तुमचे हंडेच मोठे असतील."

तेवढ्यात काका दारातून पुढे आले. "साहेब, हे उलटं झालंय. पाईप खालून फुली मारून गेलेत. मी त्या दिवशी ह्यांना सांगितलं व्हतं. विचारा ह्यांना."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. साहेबांनी विचारलं, "काय हो, तपासून जोडलंय ना?"

मला तेव्हा नक्की माहीत नव्हतं, हे खरं आहे. म्हातारा म्हणतो ते बरोबर असेल, असं मनात येऊनही गेलं. उठून एवढंच म्हणायचं होतं की साहेब, चला, आत्ता टेकडीवर जाऊ आणि वॉल फिरवून बघू. दहा मिनिटांची चाल. पण फॉर्मवरची ती खूण माझ्या सहीसकट साहेबांच्या फायलीत होती. मी म्हणालो, "हो साहेब. पाणी सोडून तपासलंय."

काकांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. आपण चुकीच्या घराचं दार ठोठावलं असं कळल्यावर माणूस बघतो, तसं.

"माणूस चुकतो," साहेब म्हणाले, "मशीन चुकत नाही." बंदराचं पाणी एक तासावरून अर्ध्या तासावर आलं. वाडीचं होतं तसंच राहिलं.

काका म्हणाले, "मी असं पाणी तोडणार न्हाय. लोकं काय पितील?" त्यावर वाडीतला एकजण बोलला, "तोडतील कसे? स्वतःच्या आळीला सव्वीस वर्षं पाजलंय." ग्रामसेवकानं चावी मागितली. काकांनी ती टेबलावर ठेवली नाही, भिंतीला नीट टेकवून उभी केली आणि बाहेर गेले. दुसऱ्या दिवसापासून वाडीतला एक माणूस पाणी सोडू लागला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. संगणकाचा पडदा माझ्याकडे फिरवला. "हे बघ. आपण बंदराचं पाणी निम्मं केलं. आणि रेघ बघ."

बंदराची लाल रेघ पूर्वी होती तिथेच होती. वाडीची निळी रेघ मात्र निम्म्यावर आली होती.

मला त्याच क्षणी कळलं. माझ्या जागी कुणीही वायरमन असता तर त्यालाही कळलं असतं. ज्या लाईनीचं पाणी निम्मं केलं तिचीच रेघ खाली येणार. म्हणजे निळी रेघ बंदराची होती. म्हणजे तारा उलट होत्या, आणि जानेवारीपासूनचे सगळे आकडे उलट होते. बंदराला आधीच वाडीच्या निम्मं पाणी मिळत होतं, आणि आम्ही त्याचंही निम्मं केलं होतं. तेही ऐन एप्रिलात.

मी हात टेबलाखाली घेतले.

साहेब वेगळाच हिशेब मांडत होते. "म्हाताऱ्याकडे दुसरी चावी असणार. नवीन माणूस गेला की हा मागून येऊन बंदराचा वॉल उघडतो आणि वाडीचा दाबतो. सव्वीस वर्षांची खोड आहे, अशी जाणार नाही." त्यांनी तिथल्या तिथे सरपंचबाईंना फोन लावला. "त्याला सांगा, पुन्हा वॉलला हात लावला तर पोलिसात देऊ. सरकारी पाण्याची चोरी आहे ही."

समोर चहा आला होता. मी तो प्यायलो. पिऊन झाल्यावर म्हणालो, "साहेब, मी एकदा जाऊन बघून येतो. बॅटरीबिटरी तपासतो."

"ये बघून," ते म्हणाले. "पण मशीन ठीकच आहे."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बोटीनं मी गेलो. गावात न शिरता मागच्या पायवाटेनं टेकडी चढलो. सकाळची वेळ वाडीच्या पाण्याची, ते चालू होतं. झाकण उचलून बघितलं तर उजवीकडचं मीटर भराभर फिरत होतं आणि डावीकडचं ठप्प होतं. काकांनी सांगितलं होतं तसंच, फुली. दोन्ही जोड सोडवून तारा बदलायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. निळी टेप संपली होती, म्हणून जोडांवर काळी गुंडाळली. झाकण लावलं, हात पुसले, खाली उतरलो. अहवालात लिहिलं: बॅटरीचा जोड सैल होता, घट्ट केला.

मला वाटलं, आता तरी रेघा खऱ्या येतील. बंदराचे हाल साहेबांना दिसतील, पाणी वाढेल, आणि कुणाचं काही न बिघडता प्रकरण मिटेल. मी स्वतःला असंच समजावलं होतं.

आठवड्यानं साहेबांचाच फोन आला. खुशीत होते. "बघितलंस? पोलिसाचं नाव काढल्याबरोबर म्हातारा सरळ झाला. बंदराची रेघ गपकन खाली, वाडीची सरळ वर. पुरावाच मिळाला की आपल्याला. दुसरी चावी होतीच त्याच्याकडे."

मी फोन धरून अंगणात उभा होतो. पाहुण्यांची पोरं झोपाळ्यावर खेळत होती. मी चूक दुरुस्त केली होती आणि त्या दुरुस्तीनंच काकांना चोर ठरवलं होतं. सांगायची ती वेळ होती. साहेब पलीकडे बोलतच होते, मी नुसता "हां, हां" करत राहिलो.

पुढे गावात जे झालं ते मला इतरांकडून कळत गेलं. वाडीतली माणसं म्हणू लागली, यानं आमचं पाणी चोरून बंदराला दिलं. बंदरातली माणसं म्हणू लागली, यानं आमच्या नावावर पाणी दाखवलं आणि कॉटेजवाल्यांना विकलं, नाहीतर कागदावर दुप्पट आलं कुठून? दोन्हीकडे काका चोर. त्यांच्या घराची झडती घ्यायला ग्रामपंचायतीची दोन माणसं गेली. दुसरी चावी मिळाली नाही. ती फेकून दिली असणार, असं ठरलं आणि चोरीची नोंद ग्रामपंचायतीच्या वहीत झाली.

मी त्या गावावरून जायचं टाळू लागलो. श्रीवर्धनचं काम निघालं की म्हसळ्याकडून लांबचा फेरा मारायचो. घरी बायको विचारायची, जेवण का जात नाही. मी म्हणायचो, उन्हाळा आहे.

मे महिन्यात एकदा मात्र त्याच रस्त्यानं जावं लागलं. भर दुपारी बंदरातल्या बायका रांगेनं डोक्यावर हंडे घेऊन येत होत्या. लांबच्या एका बागेतल्या विहिरीवरून आणत होत्या. बैठकीत उठून बोललेली ती उंच बाई पुढे होती. तिनं मला ओळखलं आणि हात आडवा केला. मी गाडी थांबवली.

"मशीनवाले ना तुम्ही?"

"हो."

"मग सांगा तुमच्या मशीनला," ती म्हणाली, "की बघ म्हणावं, आम्ही किती पाणी उडवतो ते." हंड्यातलं पाणी तिच्या खांद्यावर सांडत होतं. ती थांबलीही नाही, बोलत बोलत पुढे गेली. मागच्या बायका माझ्याकडे न बघता गेल्या.

त्या दिवशी मी साहेबांना फोन केला. म्हणालो, बंदराची रेघ फारच खाली आहे, थोडं वाढवायला हरकत नाही. त्यांनी पाव तास वाढवला. पावसाळ्यात तर पाण्याचा प्रश्नच उरला नाही, आणि दिवाळीनंतर दोन्ही लाईनींना सारखा वेळ झाला. पाणी मार्गी लागलं. मी मनाला म्हणायचो, झालं की. पण काकांबद्दल कुणी काही बोलत नव्हतं, कारण त्यांचा निकाल कधीच लागून गेला होता.

डिसेंबरात मला तिथून जवळच एका बर्फाच्या कारखान्यात विजेच्या मीटरला रेकॉर्डर बसवायचा होता. मोठी शेड, जमीन ओली, मधोमध धडधडणारा कॉम्प्रेसर. कारखान्याच्या मालकानं हाक मारली, "अरे, याला जरा बॅटरी धर." बर्फाच्या लाद्यांना गोणपाट गुंडाळणारा एक माणूस उठून आला. ते काका होते.

त्यांनी ओळख दाखवली नाही, टाळलीही नाही. बॅटरी घेतली आणि मीटरवर उजेड धरला. त्यांच्या हाताची बोटं पाण्यानं पांढरी पडून सुरकुतली होती. मी काम करत राहिलो. सगळं झाल्यावर मी झाकण बंद करायला लागलो, तेव्हा ते माझ्या कानाजवळ येऊन म्हणाले, "तपासून घ्या. मी थांबतो."

मग मला राहवलं नाही. मी म्हणालो, "काका, तारा उलट्या होत्या."

"काय?"

"टाकीवरच्या तारा. मी उलट्या जोडल्या होत्या."

"मोठ्यानं बोला. ह्या धडधडीत ऐकू येत न्हाय."

मी ओरडलो. "मी तारा उलट्या जोडल्या होत्या! तपासल्या नव्हत्या! बैठकीत मी खोटं बोललो!" शेडमधली चार माणसं हातातलं काम टाकून बघायला लागली. एका माणसाच्या खांद्यावर बर्फाची लादी तशीच ठिबकत होती. जे मी आठ महिने बायकोजवळही बोललो नव्हतो ते मी त्या अनोळखी माणसांसमोर घसा ताणून सांगत होतो. "एप्रिलमध्ये मी गुपचूप येऊन बदलल्या! तुम्ही काही केलं नव्हतं!"

काकांनी बॅटरी बंद केली. मला हातानं खुणावून शेडच्या बाहेर नेलं, जिथे आवाज कमी होता.

"मला म्हाईत हाय," ते म्हणाले.

"कसं?"

"मे महिन्यात टाकीवर गेलो व्हतो. झाकण उघडून बघितलं. तुम्ही जोडली तवा निळी पट्टी व्हती, मीच दिली व्हती तुमच्या हातात. बघतो तर काळी. म्हटलं, येऊन सुधारून गेलेत."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

ते हसले, पण त्यात हसू नव्हतं. "काय सांगू? टाकीवर गेलो व्हतो, असं सांगू? म्हनाले असते, बघा, अजून जातो."

मी माफी मागू लागलो. त्यांनी मधेच थांबवलं. "हे मला सांगून काय उपेग? मला तर ठावंच हाय. ज्यांना ठावं न्हाय त्यांना सांगा." आणि ते आत गेले. लाद्या वितळत होत्या.

मी ठेकेदाराला सांगितलं. तो म्हणाला, झालं गेलं ते उकरू नकोस, सगळ्यांची शोभा होईल. साहेबांना भेटलो. ते टेबलावरचे कागद सारखे करत म्हणाले, "फॉर्मवर 'होय' लिहिलं होतंस तू." मी म्हणालो, "हो." ते म्हणाले, "मग मी काय करणार होतो?" मी ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला. त्या रात्री बायकोला वाचून दाखवला. तिनं एकच विचारलं, "उन्हाळ्यात जेवत नव्हतास ते हेच का?"

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर ग्रामसभा झाली. ग्रामसेवकानं माझा अर्ज वाचायला घेतला, पण मी म्हणालो की मी स्वतः सांगतो. सांगायला पाच-सात मिनिटं लागली. पाईपांची फुली, बोट गाठायची घाई, फॉर्मवरची खूण, बैठकीतलं खोटं, काळी टेप, सगळं. संपल्यावर ती उंच बाई उठली. मला वाटलं, आता शिव्या खायच्या. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती काकांकडे वळून म्हणाली, "भाऊ, आम्ही पन तुला चोर म्हनलो." आणि खाली बसली.

सरपंचबाई म्हणाल्या, काकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू आणि त्यांना कामावर परत घेऊ. टाळ्या वाजल्या. काका उठले.

"सत्कार नको," ते म्हणाले. "काम बी नको, आता गुडघे चढत न्हायती. पन तुमच्या बुकात लिवलंय ना, की ह्यानं चोरी केली? तिथं लिवा, की केली न्हाय."

ग्रामसेवकानं इतिवृत्ताची वही उघडली आणि लिहिलं. काकांनी ते वाचून दाखवायला लावलं. मग म्हणाले, "पुन्यांदा." ग्रामसेवकानं दुसऱ्यांदा वाचलं. काकांनी नक्कल मागितली. तिच्यावर शिक्का मारून घेतला, घडी घालून खिशात ठेवली आणि घरी गेले.

मी त्यांच्या मागोमाग बंदरात गेलो. आपलं काम पुरं झालं असं मला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं हलकंही वाटत होतं. त्यांची बायको पडवीत सुकट निवडत बसली होती. मी कोण हे काकांनी सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"माझी लेक पहिलटकरीण व्हती," ती म्हणाली. "मे महिन्यात बाळंतपणाला यायची व्हती. खोली सारवून ठेवली व्हती मी. सासरच्यांनी धाडलीच न्हाय. बोलले, तुमच्याकडं सध्या पोलिसाचं चाललंय. तिथंच बाळंत झाली. माझ्या हातचं पानी न्हाय मिळालं तिच्या अंगाला." तिनं पुन्हा सूप मांडीवर घेतलं. "ते त्या बुकात कुठं लिवलंय?"

काका म्हणाले, "जाऊ दे आता." ती म्हणाली, "मी कुठं काय धरून ठेवलंय? इचारलं."

मी लेकीच्या सासरचा पत्ता मागितला. काका नको म्हणाले, पण घर बोर्ली पंचतनला बाजाराच्या मागे आहे एवढं त्यांच्या बोलण्यातून कळलं होतं. पुढच्या आठवड्यात मी तिथे गेलो. सासरा भला माणूस निघाला. त्यानं मला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. चहा मागवला. म्हणाला, "अहो, आम्ही कुठं काय म्हटलं होतं? उन्हाळ्याचं दिवस भरत आलेलीला कुठं हलवायचं, म्हणून नाही पाठवली." मी म्हणालो, "तरी मला सांगायचं होतं." तो म्हणाला, "सांगितलंत, बरं केलंत."

आम्ही बोलत होतो तेव्हा ती आतल्या दारात उभी होती. कडेवर आठ-नऊ महिन्यांची मुलगी, हातात चहाचा ट्रे. मी उठून उभा राहिलो. म्हणालो, "ताई, तुमच्या वडिलांनी..." पण तिनं ट्रे स्टुलावर ठेवला आणि मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"बाबांनी चोरी केली न्हाय, हे मला कुणी सांगायला नको व्हतं," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

सासऱ्यानं कप माझ्यापुढे सरकवला. मी तो चहा संपवला, त्यांना नमस्कार केला आणि बाहेर आलो.